रक्ताचा प्रवाह, सिकलसेल आणि इंजिनिअरिंग शिकणारी आपली मुले

उचगाव (ता. करवीर, जि. कोल्हापूर) : शरीरातून रक्त कसे वाहते हा प्रश्न डॉक्टरांचा, असे आपण धरून चालतो. तो तितकाच इंजिनिअरचाही आहे. रक्त, लसीका, लघवी, मेंदूभोवतीचे पाणी हे सगळे द्रव नळ्यांतून, झडपांतून आणि चाळण्यांतून फिरतात. त्यांच्या वहनाचा अभ्यास ही बायोमेडिकल इंजिनिअरिंगची एक मोठी शाखा आहे. या लेखात आम्ही तिची ओळख करून देत आहोत.

ओळख करून देण्यामागचे कारण आधीच सांगतो. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला सिकलसेल हा आजार शेवटी रक्त अडण्याचा आजार आहे. आणि आपल्याकडे जी मुले-मुली मेकॅनिकल, सिव्हिल किंवा केमिकल शिकत आहेत, त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात तो आजार समजून घेण्याची निम्मी सामग्री पडून आहे. तिचा असाही उपयोग आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

पाण्याच्या पुस्तकातला डॉक्टर

उचगाव महामार्गाला लागून आहे. एका बाजूला शिरोलीची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावची. फौंड्री, मशीन शॉप, पंप, इंजिनाचे सुटे भाग ही इथली रोजीरोटी. त्यामुळे घरात दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असली की आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग हे शब्द आपोआप निघतात. गोकुळ शिरगावचे केआयटी १९८३ पासून आहे, शिवाजी विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग आहे, शहराच्या आसपास आणखीही कॉलेजे आहेत. यांतल्या मेकॅनिकल-सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला फ्लुइड मेकॅनिक्स हा विषय असतो. पाइपमधून वाहणारे पाणी, दाब, घर्षण, पंप असा त्याचा एकूण संसार.

त्या पुस्तकात हॅगेन-पॉइझ्यूलचे समीकरण येते. पाठ करून परीक्षेत उतरवायचे आणि पुढे जायचे, अशी त्याची गत असते. यातला हॅगेन जर्मन जलअभियंता होता. पॉइझ्यूल मात्र पॅरिसचा डॉक्टर होता. त्याला पाण्याच्या पाइपशी देणेघेणे नव्हते. केसाएवढ्या रक्तवाहिन्यांतून रक्त कसे जाते हे त्याला शोधायचे होते. रक्त काचेच्या नळीत गोठायचे, म्हणून १८३८ च्या सुमारास त्याने बारीक काचनळ्यांतून पाणी आणि इतर द्रव वाहवून मोजमाप केले. म्हणजे आपली मुले जे समीकरण पाण्याचे म्हणून शिकतात, ते जन्मले रक्तासाठी.

त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. दाब, लांबी आणि द्रव तोच असेल, तर वहन नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. त्रिज्या निम्मी झाली तर वहन निम्मे होत नाही, सोळाव्या हिश्शावर येते. नळी आतून फक्त २० टक्क्यांनी अरुंद झाली तरी वहन जवळजवळ ४० टक्क्यांवर उतरते. रक्तवाहिनीत थोडासा थर साचला, थोडीशी सूज आली, तर एवढा गोंधळ का होतो, याचे उत्तर इथे आहे.

घरातले उदाहरण हवे असेल तर सलाईनचे घ्या. हातात टोचलेल्या सुईचे रंग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. हिरवी जाड, गुलाबी तिच्यापेक्षा बारीक, निळी आणखी बारीक, पिवळी लहान मुलांची. अपघातात रक्तस्राव झालेल्या माणसाला हिरवी किंवा त्याहून जाड सुई लावतात, कारण हिरवीतून मिनिटाला साधारण ९० मिलिलिटर जाऊ शकते, तर निळीतून साधारण ३५. बाटली वर टांगतात ती उंचीचा दाब मिळावा म्हणून. नर्सताई थेंब मोजून चाक फिरवतात, तेव्हा त्या नळी दाबून तिची त्रिज्या कमी करत असतात. फ्लुइड मेकॅनिक्सचे प्रॅक्टिकल हॉस्पिटलच्या प्रत्येक खाटेशी चालू असते.

शरीरातली नळयोजना

काही आकडे माहीत असलेले बरे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त ढकलते आणि मिनिटाला साधारण ७० वेळा ठोकते. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचे सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करते. हृदयातून निघणारी महाधमनी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिला फाटे फुटत जातात आणि शेवटी ५ ते १० मायक्रोमीटर रुंदीच्या केशवाहिन्या उरतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. महाधमनीत रक्त सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने धावते, तर केशवाहिनीत सेकंदाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. एकेक केशवाहिनी बारीक असली तरी त्यांची संख्या अफाट आहे आणि सगळ्यांची मिळून रुंदी महाधमनीच्या कित्येक पट भरते. नदी मैदानात पसरली की संथ होते, तसेच हे. संथ व्हावेच लागते, कारण ऑक्सिजन उतरवण्याचे काम तिथेच होते.

मूत्रपिंडाचा आकडा तर विश्वास बसणार नाही असा आहे. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ते गाळते आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत रक्तात घेते. हे गाळणे बंद पडले की डायलिसिस. त्याचे पहिले चालणारे यंत्र नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून उभे केले. त्याला साथ दिली ती एका भांडी बनवणाऱ्या कारखान्याने. आपल्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपने दिली असती, तशीच.

लसीकेबद्दल बौद्ध वाचकांना एक गोष्ट गमतीची वाटेल. कायेच्या बत्तीस भागांच्या चिंतनात बारा भाग आपोधातूचे, म्हणजे ओले. त्यांत लोहित, अस्सु यांच्याबरोबर लसिका हा शब्द आहे. पाली परंपरेत त्याचा अर्थ सांध्यातले वंगण असा घेतात. आज मराठी वैद्यकीय परिभाषेत लसीका म्हणजे पेशींच्या मधल्या जागेत झिरपलेले आणि वेगळ्या नळ्यांतून रक्ताकडे परत जाणारे पाणी. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग याने १८९६ मध्ये दाखवले, की केशवाहिनीच्या आतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने ते आत ओढतात. या ओढाताणीत रोज काही लिटर पाणी बाहेर राहते. ते परत आणायला लसीकेला स्वतःचे हृदय नाही. नळ्यांचे बारीक आकुंचन, एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आणि चालताना स्नायूंचा पडणारा दाब यांवर तिचे काम चालते. हत्तीपाय रोगाचे जंत या नळ्यांत राहून त्या आणि त्यांच्या झडपा निकामी करतात, मग पाणी पायात साचत जाते. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वाचकांना याचे वर्णन करून सांगायला नको.

रक्त पाण्यासारखे वागत नाही

आता पॉइझ्यूलच्या समीकरणाची मर्यादा. ते पाणी, तेल अशा साध्या द्रवांना चपखल बसते. रक्त म्हणजे द्रवात पोहणाऱ्या पेशींची गर्दी आहे. जवळजवळ ४० ते ४५ टक्के जागा तांबड्या पेशींनीच व्यापलेली असते. म्हणून रक्त पाण्यापेक्षा तीन-चार पट घट्ट. हा घट्टपणाही कायम राहत नाही. जोरात वाहताना रक्त पातळ होते, संथ झाले की घट्ट होते.

त्याहून आश्चर्याची गोष्ट स्वीडनचे फाहरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये नोंदवली. नळी साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक होत गेली, की रक्त वाहायला अधिक सोपे होत जाते. कारण पेशी नळीच्या मध्यभागी सरकतात आणि कडेला नुसत्या प्लाझ्माचा थर राहतो. तो वंगणाचे काम करतो. नळीला दोन फाटे फुटले, तर पेशी बहुतांश वेगवान फाट्यात जातात आणि संथ फाट्यात प्लाझ्मा जास्त जातो.

हेच तत्त्व वापरून आयआयटी मुंबईच्या मेकॅनिकल विभागातील अमित अग्रवाल, सुहास जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातून प्लाझ्मा वेगळा करणारे सूक्ष्म उपकरण तयार केले. त्यावरचा निबंध २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. एरवी प्लाझ्मासाठी सेंट्रीफ्यूज लागते, म्हणजे वीज आणि लॅब लागते. इथे फक्त बारीक वाहिन्यांचे वळण आणि फाटे काम करतात. हा मेकॅनिकल विभाग आहे, मेडिकल कॉलेज नव्हे, याकडे लक्ष वेधतो.

सिकलसेल : प्रवाहाचा आजार

तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. म्हणजे तिला स्वतःपेक्षा बारीक केशवाहिनीतून जायचे असते. ती जाऊ शकते कारण ती मऊ आहे. दुमडते, लांबट होते, पलीकडे गेली की पुन्हा गोल होते. आयुष्याच्या सुमारे १२० दिवसांत ती हे असंख्य वेळा करते.

सिकलसेलमध्ये बिघाड अगदी लहान असतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलेले असते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले आणि काही वर्षांत व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. एवढ्याशा फरकाने असे होते, की पेशीने ऑक्सिजन उतरवला की आतले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ धागे बनवते. पेशी मऊ राहत नाही, विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. मग ती केशवाहिनीत अडकते. तिच्यामागे दुसरी, तिसरी. पलीकडच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. हाडे, छाती, पोट, प्लीहा, मेंदू, कुठेही. कडक पेशी लवकर फुटतात, दहा-वीस दिवसच टिकतात, म्हणून रक्त कायम कमी.

इथे इंजिनिअरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. ऑक्सिजन गेल्या क्षणी धागे तयार होत नाहीत, थोडा अवधी लागतो. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा अवधी मोजला आणि तो हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असल्याचे दाखवले. पेशीला केशवाहिनी ओलांडायला साधारण एक सेकंद लागतो. धागे बनण्याआधी पेशी मोठ्या नळीत पोचली तर काही बिघडत नाही. आधी बनले तर ती अडकते. म्हणजे ही शर्यत आहे. वहन मंदावले, की पेशी हरण्याची शक्यता वाढते. पेशीतले पाणी कमी झाले, की आतले हिमोग्लोबिन दाट होते, अवधी कित्येक पटींनी घटतो आणि पुन्हा पेशी हरते.

आता डॉक्टरांच्या सूचनांकडे बघा. भरपूर पाणी प्या. उन्हात राबू नका. थंडीत भिजू नका. ताप अंगावर काढू नका. एरवी या सूचना आजीबाईच्या बटव्यातल्या वाटतात. त्यांतली प्रत्येक सूचना या शर्यतीत पेशीच्या बाजूने थोडा वेळ मिळवण्यासाठी आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही मुख्यतः तेच करते. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि धागे उशिरा बनतात. मात्र एप्रिल-मेच्या विदर्भात मजुरीवर जाणाऱ्या बाईला उन्हात राबू नका असे सांगून कागद हातात देणे, याला आम्ही उपचार म्हणू शकत नाही.

दुसरे उदाहरण मेंदूचे. सिकलसेलच्या लहान मुलांना पक्षाघाताचा धोका असतो. तो आधी कसा कळावा? मेंदूकडे जाणारी धमनी अरुंद होत असेल, तर तेवढेच रक्त अरुंद वाटेने जायला वेगाने धावते. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाण्याची चिळकांडी उडते, तीच गोष्ट. कवटीवरून डॉप्लर सोनोग्राफी करून हा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिले, तर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसले. या तपासणीला शस्त्रक्रिया लागत नाही, सुई लागत नाही. यंत्र आणि ते चालवायला शिकलेला माणूस लागतो. तालुक्याच्या ठिकाणी परवडेल असे यंत्र आणि तिथे टिकेल असा माणूस तयार करणे, हे काम डॉक्टरइतकेच इंजिनिअरचे आहे.

प्रयोगशाळेत हा आजार काचेसारख्या पारदर्शक चिपवर उभा करता येतो. केसापेक्षा बारीक वाहिन्या कोरायच्या, त्यांतून रुग्णाचे रक्त सोडायचे, ऑक्सिजन कमी-जास्त करायचा आणि प्रवाह कधी थांबतो ते मोजायचे. २००७ मध्ये हिगिन्स, एडिंग्टन, संगीता भाटिया आणि एल. महादेवन यांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑक्सिजन काढला की रक्त अडते, पुन्हा दिला की सुटते, आणि यात दाब आणि वाहिनीची रुंदी यांचा किती वाटा आहे, हे त्यांनी मोजून दाखवले. आयआयटी मुंबईत देबजानी पॉल यांच्या गटानेही सूक्ष्म वाहिन्यांच्या तंत्राने कमी खर्चात सिकलसेल ओळखण्यावर काम केले आहे.

हा आजार कोणाचा?

नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या अनेक पाहण्यांत विदर्भातील आदिवासी जमाती आणि सरकारी कागदांत महार किंवा नवबौद्ध म्हणून नोंदलेला समाज यांत या जनुकाचे प्रमाण जास्त आढळले. कुणबी, तेली आणि इतर समाजांतही तो आहे. यात कोणाच्या रक्ताचा कमीपणा नाही. मलेरियाच्या प्रदेशात ज्यांच्याकडे या जनुकाची एकच प्रत होती, ती मुले मलेरियातून जास्त वाचली, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. आपल्या पूर्वजांना ज्याने तारले, त्याच्याच दोन प्रती एकत्र आल्या की मूल आजारी पडते.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के. वाहक माणूस आजारी नसतो. म्हणून लग्न ठरवताना दोघांनीही तपासणी करावी. साधी सोल्युबिलिटी टेस्ट पहिली चाळणी आहे. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून कळते. तपासणीच्या कागदावरून मुली नाकारायची नवी जातपात मात्र कोणी सुरू करू नये. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले, तर मूल आजारी होत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

कोल्हापूर भागात हा आजार फारसा ऐकू येत नाही. पण शिक्षण, नोकरी आणि सोयरिकीमुळे विदर्भातील कुटुंबे इकडे येतात, इकडच्या मुली तिकडे जातात. अशा घरात कोणाला वारंवार हातपाय दुखणे, कावीळ, रक्त कमी असे होत असेल, तर आपले मूळ गाव कुठले हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ज्या भागात आजार नेहमी दिसत नाही, तिथे तो चटकन सुचतही नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्या त्या यादीच्या कडेला राहू नयेत, यासाठी आपल्या संघटनांनी आरोग्य खात्याकडे पाठपुरावा करायला हवा, असे आमचे मत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही अनेक कुटुंबांपर्यंत पोचलेले नाही.

लोखंडाच्या रसापासून हृदयापर्यंत

पंप आणि पाइप शिकलेला माणूस रक्ताकडे वळतो, हे नवे नाही. वाय. सी. फंग हे विमानाच्या पंखांचे तज्ज्ञ होते. १९६६ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या सॅन दिएगो विद्यापीठात गेले आणि फुप्फुसातील केशवाहिन्यांचा अभ्यास करू लागले. आज जैवयांत्रिकीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात.

आपल्याकडचे नाव सुहास पाटणकर यांचे. जन्म पुण्याचा, १९६२ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक., १९६७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पीएचडी. १९७२ मध्ये स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनी ‘सिंपल’ नावाची गणनपद्धती मांडली. वाहत्या द्रवात वेग आणि दाब एकमेकांत गुंतलेले असतात. ते संगणकावर पायरीपायरीने सोडवायची ती रीत. १९८० साली आलेले त्यांचे पुस्तक जगभर शिकवले जाते. बॉयलर, भट्ट्या, विमाने यांसाठी निघालेली ही रीत आणि तिच्यावरून पुढे आलेल्या पद्धती आज अरुंद झालेल्या धमनीतला प्रवाह काढायलाही वापरतात. पाटणकर यांनी रक्तावर काम करायला ही रीत काढली नव्हती, पण समीकरणाला आपण पाणी सोडवतो की रक्त, हे कळत नाही.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना सर्वांत जवळचे उदाहरण बी. रवी यांचे. साच्यात ओतलेला लोखंडाचा रस कुठून कसा जाईल, कुठे आधी थिजेल, कास्टिंगमध्ये पोकळी कुठे राहील, हे संगणकावर आधी दाखवणारे ‘ऑटोकास्ट’ हे सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईतील त्यांच्या कामातून आले. त्याच रवी यांनी २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू केले. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे पैसे, आणि पुण्याचे सीओईपी व नागपूरचे व्हीएनआयटी भागीदार. तिथे इंजिनिअर आधी हॉस्पिटलमध्ये जाऊन डॉक्टरांची अडचण बघतात आणि मग नमुना बनवतात. आवाज मोठा करून नोंदवून ठेवणारा डिजिटल स्टेथोस्कोप अशाच कामातून बाहेर पडला. लोखंडाचा रस ते हृदयाचा ठोका हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात झाला. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्या बापाच्या मुलीला तो परका वाटायचे कारण नाही.

वाट कुठून आहे

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या, देशात आणि परदेशातही, मागितल्या होत्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे पैशाची वाट अरुंद असली तरी आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि पीएचडीसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती याही आहेत. जाहिराती आणि मुदती दरवर्षी बदलतात, त्या समाजकल्याण विभाग आणि बार्टीच्या संकेतस्थळावर बघाव्यात.

अडते ते दुसरीकडे. बायोमेडिकल करायचे तर त्याच नावाची पदवी हवी, असा समज आहे. तशी पदवी मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांत मिळते, पण ती एकमेव वाट नाही. मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या पदवीनंतर एम.टेक. किंवा पीएचडीला या विषयाकडे वळता येते. आयआयटी मुंबईचा जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग इंजिनिअर आणि डॉक्टर दोघांनाही घेतो. गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. मूळ शाखेच्या पेपरवरही अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट आहेत. गावातल्या विहारात अभ्यासिका असेल आणि तिथे इंटरनेट असेल, तर ती तिथेही ऐकता येतात.

मुलाखतीत मात्र एक प्रश्न हमखास येतो, की तुम्ही या विषयात आधी काय केले आहे. त्यासाठी अंतिम वर्षाचा प्रकल्प हाताशी असतो. बहुतेक मुले तो बाहेरून विकत आणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी पुढचा प्रयोग कोल्हापुरातल्या कोणत्याही कॉलेजच्या फ्लुइड लॅबमध्ये होऊ शकतो. वजनाने ४० भाग ग्लिसरीन आणि ६० भाग पाणी मिसळले, की त्या मिश्रणाचा घट्टपणा खोलीच्या तापमानाला पाण्याच्या साडेतीन-पावणेचार पट होतो, म्हणजे जवळजवळ रक्ताएवढा. संशोधक खऱ्या रक्ताऐवजी हेच वापरतात. एक छोटा पंप, काही पारदर्शक नळ्या, मध्ये मुद्दाम अरुंद केलेला तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मॅनोमीटर. तुकडा २०, ४०, ५०, ६० टक्के अरुंद करून दर वेळी दाब आणि मिनिटाला जाणारे मिलिलिटर लिहून घ्यायचे. ५० टक्क्यांच्या पुढे पॉइझ्यूलचे गणित आणि आपला आकडा यांत फरक पडू लागेल, कारण अरुंद तुकड्यानंतर प्रवाह भिंत सोडून भोवरे घेतो. तो फरक का पडतो, हे लिहायला घेतले की दुसऱ्या वर्षाचे पुस्तक पुन्हा उघडावे लागते.